आदिलाबादचे रान आणि आपली चूल

भाद्रपदात झड लागलेली असते आणि घरात महालक्ष्म्या बसलेल्या असतात. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी, कढी, भजी, वडे असा सगळा स्वयंपाक सोवळ्यात आणि वेळेत व्हायचा. आज गॅसची शेगडी असल्यामुळे त्याचे काही वाटत नाही. पण चाळीस-पन्नास वर्षांमागे याच दिवशी घरातल्या बाईची पहिली काळजी पुरणाची नसे, सरपणाची असे. ओले लाकूड चुलीत गेले की घरभर धूर आणि पुरण कच्चे. म्हणून महालक्ष्म्यांचे कोरडे सरपण वैशाखातच वेगळे काढून माळ्यावर टाकलेले असे. त्याला एरवी कोणी हात लावायचा नाही.

आपल्या जिल्ह्याच्या इतिहासावर पुष्कळ लिहिले जाते. गोंड राजे, निजामाची राजवट, पोलीस ॲक्शन, भाषावार प्रांतरचना हे सगळे आपल्या मंडळाच्या व्याख्यानांतूनही ऐकायला मिळते. या घरांतली चूल कशावर पेटत होती, ते जळण कोण आणत होते आणि ते आणण्याचा हक्क कोणाचा होता, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. आम्ही सरकारी नोकरीच्या निमित्ताने जिल्ह्यातल्या मंडलांत हिंडत आलो आहोत. गावोगावच्या जुन्या माणसांकडून जे ऐकले, जे आमच्या घरांतही होते आणि जे कागदोपत्री आहे, ते या लेखात एकत्र मांडत आहोत.

पेनगंगेच्या अलीकडे

आपली मराठी घरे इथे कुठून आली असे नव्या ओळखीची माणसे विचारतात. खरे तर बहुतेक घरे कुठून आलीच नाहीत, सीमा तेवढी आली. 1956 मध्ये हैदराबाद संस्थानाची वाटणी झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर सर्कल मुंबई राज्यात गेले. उलट नांदेड जिल्ह्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही सर्कले इकडे आली. सोयरीक होती तशीच राहिली, फक्त तहसील बदलले. पुढे 2014 मध्ये तेलंगण झाले आणि 2016 मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले.

जमिनीचे मात्र दोनच भाग आहेत आणि सरपणाचा इतिहास त्यांवरच उभा आहे. पेनगंगेच्या काठाने बेला, जैनथ, तामसी ही काळ्या मातीची, कपाशीची पट्टी. इथे मोठी झाडे मुळातच कमी. बांधावर बाभळी, नाल्याच्या काठाला पळस, पडीक जागेत तरवड आणि बोराट्या. दक्षिणेला इचोडा, उटनूर, नारनूरकडे सातमाळ्याची डोंगररांग, तिथे साग, धावडा, सालई, मोह, बांबू. पहिल्या पट्टीत आपली घरे जास्त, दुसऱ्या पट्टीत गोंड, कोलाम, परधान, नायकपोड यांची. काळ्या मातीतल्या माणसाला सरपणासाठी एक तर बांधावरच्या झुडपांवर भागवावे लागे, नाहीतर डोंगरातून येणाऱ्या मोळीची वाट पाहावी लागे. आपली चूल या दोन्हींवर चालली.

कोणते लाकूड कशाला

जळणाला आपल्याकडे सरपण, जळण, इंधन असे तीनही शब्द आहेत. तेलुगू शेजारी लाकडाला कट्टेलू म्हणतात आणि चुलीला पोय्यी. झाडांची नावेही घरातल्या बायकांना दोन्ही भाषांत येत, कारण मोळीचा भाव करताना ती लागत. बोर म्हणजे रेगू, बाभूळ म्हणजे तुम्मा, पळस म्हणजे मोदुगा, रुई म्हणजे जिल्लेडू, टेंभुर्णी म्हणजे तुनिकी, मोह म्हणजे इप्पा. प्रत्येकाचा स्वभाव त्या ओळखून असत.

तरवड हे चूल पेटवायचे झुडूप. काड्या बारीक, लवकर वाळणाऱ्या, चटकन जाळ धरणाऱ्या. साल चामडे कमावायला जाई आणि उरलेली काडी चुलीला. हाच तरवड म्हणजे तेलुगूतला तंगेडू. त्याची पिवळी फुले आपल्या शेजारणी बतुकम्मा रचताना लावतात आणि आज तेच तेलंगणचे राज्यफूल आहे. आपल्या आज्यांनी ज्याच्या काड्यांवर दूध तापवले, त्याच झुडपाभोवती शेजारच्या अंगणात फेर धरला जात होता.

बोराटी आधी कुंपणाला लागे. शेताभोवती, परसाभोवती काटेरी फांद्यांचा कूप घालायचा, दोन पावसाळे झाले की तो मोडून नवा करायचा आणि जुना चुलीत जायचा. एकाच फांदीने आधी राखण केली आणि मग स्वयंपाक केला. बाभळीचा जाळ संथ आणि निखारा टिकाऊ. ज्वारीच्या भाकरीला असाच जाळ हवा. बाभळीचे चांगले खोड औताला आणि गाडीच्या चाकाला जाई, चुलीला सुताराकडच्या ढलप्या येत.

धावडा हा डोंगरातला राजा. जड, घट्ट आणि रात्रभर धुमसणारा. डाळ शिजवायची, आंघोळीचे पाणी तापवायचे, लग्नाच्या पंगतीचा भात करायचा तर धावडाच. त्याचा कोळसाही लोहाराच्या भात्याला चांगला. सालईत राळेसारखा चीक असतो, म्हणून ती ओलसर असली तरी पेट घेते आणि धुरालाही वास येतो. पळसाचे लाकूड हलके, धूर फार, उष्णता कमी. त्याची खरी किंमत पत्रावळीच्या पानांत. टेंभुर्णीचे लाकूड तडतडते, ठिणग्या उडवते आणि भरकन जळून जाते. महाभारताच्या उद्योगपर्वात विदुला खचलेल्या मुलाला उभारी देताना टेंभुर्णीच्या कोलिताची उपमा देते आणि त्याच्यासमोर भुश्याची धुमसती आग ठेवते. ज्याने कधी टेंभुर्णी चुलीत घातली आहे त्याला ती उपमा समजावून सांगावी लागत नाही.

झाडांखेरीज शेताचे जळण होते. कपाशी निघाली की पऱ्हाटी, तूर झोडली की तुराट्या, ज्वारीची धसकटे. गुरांच्या मागे फिरून वेचलेल्या रानगोवऱ्या आणि घरी थापलेल्या गोवऱ्या. रोडगे भाजायचे तर गोवऱ्यांचाच आर लागतो, हे आजही रोडग्यांच्या पंगतीत मान्य आहे. चुलीची राखही वाया जात नसे. भांडी घासायला, बियाण्याला किडीपासून जपायला, परसातल्या भाज्यांवर टाकायला ती लागे. रात्री निखारे राखेत पुरून ठेवायचे आणि सकाळी फुंकणीने फुलवायचे. एखाद्या घरचा विस्तव विझलाच तर गोवरीच्या तुकड्यावर शेजारून मागून आणायचा. काडीपेटी घरात आली तरी ती जपून वापरत.

रानाचे हे लाकूड घराबाहेरही कामाला आले. गोदावरीच्या पलीकडे, आजच्या निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रम येथे पोलादाच्या भट्ट्या होत्या. तिथले पोलाद नेण्यासाठी इराणी व्यापारी येत. 1820 च्या सुमारास डॉ. व्हॉयसी यांनी तिथले काम पाहून लिहून ठेवले आहे. दक्षिणेत पोलाद करताना मातीच्या मुशीत लोखंडाबरोबर तरवडाच्या लाकडाचे तुकडे घालत आणि वर रुईची पाने झाकत, असे त्या काळातल्या इंग्रज निरीक्षकांनी नोंदवले आहे. लाकडातला कार्बन लोखंडात शिरून त्याचे पोलाद होई. ज्या झुडपांना आपण रानातला कचरा समजतो, त्यांचा त्या पोलादात असा वाटा होता.

काय जाळायचे नाही

सरपणाचे ज्ञान जितके काय जाळावे यात होते, तितकेच काय जाळू नये यात होते. वड, पिंपळ, उंबर चुलीत जात नसत. पिंपळ आणि उंबर जळायचे ते फक्त होमात. नवग्रहांच्या समिधांत रुई सूर्याची, पळस चंद्राचा, खैर मंगळाचा, आघाडा बुधाचा, पिंपळ गुरूचा, उंबर शुक्राचा आणि शमी शनीची. राहू-केतूला दुर्वा आणि दर्भ. यांतली रुई, आघाडा, शमी, पिंपळ आणि दुर्वा आपण गणपतीला पत्री म्हणूनही वाहतो.

बांबू जाळला तर वंश जळतो असे म्हणत. त्यामागे आणखीही एक व्यवहार असावा. बांबूच्या बंद पेरातली हवा तापून ते फटकन फुटते आणि चुलीजवळ बसलेल्या बाईच्या अंगावर निखारे उडतात. बिब्ब्याचे लाकूड चुकूनही मोळीत येऊ द्यायचे नाही, त्याच्या धुराने तोंड सुजते. कण्हेर विषारी, तिची काडीसुद्धा चुलीत नको. रुई वाळल्याशिवाय तोडायची नाही, चीक डोळ्यांत जातो. मोहाला तर डोंगरातली माणसे कुऱ्हाडच लावत नसत, कारण त्याची फुले खायला आणि बियांचे तेल दिव्याला. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे उभे हिरवे झाड सरपणाला तोडायचे नाही. वाळलेले, पडलेले, वाऱ्याने मोडलेले तेवढे वेचायचे. हे नियम कुठे लिहिलेले नव्हते. सासूने सुनेला सांगितले आणि ते पाळले गेले.

मोळी कोणाची

आता या इतिहासाच्या कडू भागाकडे येऊ. रानातली काटकी वेचायला कोणाची परवानगी लागते, हा प्रश्न जुन्या काळी पडला नसेल. निजामाच्या राजवटीत जंगलात खात्याने जंगलांच्या हद्दी आखल्या, राखीव रान ठरवले, साग-शिसवासारखी झाडे सरकारी झाली. गुत्तेदारांना लाकडाचे गुत्ते मिळू लागले. त्या हद्दीच्या आत ज्यांची गावे होती त्यांच्यावर याचा भार पहिल्यांदा पडला. कुमरम भीम यांच्या लढ्याच्या ज्या आठवणी सांगितल्या जातात, त्यांत जमिनीबरोबरच गुरे चारण्यावर आणि सरपण आणण्यावर बसवलेल्या कराचा राग ठळक आहे. जल, जंगल, जमीन या तीन शब्दांतल्या जंगलात रोजच्या चुलीचाही समावेश होता. 1940 मध्ये जोडेघाटच्या डोंगरात भीम आणि त्यांचे साथीदार पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले.

त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना गोंडांच्या तक्रारी समजून घ्यायला पाठवले. ते मारलावाई गावी राहिले. त्यांच्या पुढाकाराने गोंड मुलांसाठी शाळा निघाल्या आणि गोंडी पुस्तके देवनागरी लिपीत छापली गेली. आपली लिपी आणि त्या डोंगरातली माणसे यांचा हा जुना संबंध आहे आणि तो आपण विसरता कामा नये.

संस्थान गेले, पण राखीव जंगल राहिले. 1967 मध्ये आंध्र प्रदेशाचा वन कायदा आला, 1980 मध्ये केंद्राचा वनसंवर्धन कायदा. 2012 मध्ये कवाल अभयारण्य व्याघ्र प्रकल्प झाले. जंगल राखणे गरजेचे आहे याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण या सगळ्या काळात डोक्यावर चुंबळ ठेवून, 20-25 किलोची मोळी घेऊन पहाटे डोंगर उतरणारी बाई कायम भीत-भीतच चालत राहिली. नाक्यावर अडवली तर मोळी जाई, कुऱ्हाड जाई आणि दिवसाची कमाईही जाई. जंगल कोणी तोडले असे विचारले की बोट तिच्याकडे दाखवले जाई, ट्रकने गेलेल्या सागाकडे फारसे कोणी पाहत नसे.

आणि ती मोळी कोणाच्या दारात उतरत होती? आपल्याच. आदिलाबाद गावात आपल्या वाड्यांत, चाळींत, सरकारी क्वार्टरांत ती विकली गेली. दोन आण्यांसाठी, पुढे दोन रुपयांसाठी, आपण तिच्याशी घासाघीस केली. आपल्या मुंजी, लग्ने, महालक्ष्म्या तिच्या मोळीवर झाल्या. जिल्ह्यातल्या मराठी घरांच्या इतिहासात शिक्षक आहेत, वकील आहेत, कापसाचे व्यापारी आहेत, पण ही बाई नाही. हा हिशोब राहून गेला आहे.

दूरच्या देशातले उदाहरण

सरपणाचा हक्क हा फक्त आपल्याकडचा प्रश्न नाही. युरोपातल्या आयर्लंडमध्ये झाडे फार पूर्वीच विरळ झाली होती. तिथला गरीब शेतकरी दलदलीत शतकानुशतके दबलेल्या वनस्पतींचा थर विटांसारखा कापून, वाळवून जाळत असे. त्याला टर्फ म्हणतात. गॉर्स नावाचे पिवळ्या फुलांचे काटेरी झुडूप तिथे भट्टी पटकन तापवायला वापरत. ते वाचताना आम्हाला आपल्या तरवडाची आणि बोराटीची आठवण झाली. पण एक फरक आहे. तिथे दलदलीतून टर्फ कापण्याचा हक्क कुळाच्या जमिनीबरोबर करारात लिहिला जात असे. अलीकडे पर्यावरणाच्या कारणाने काही दलदलींत टर्फ कापायला बंदी आली, तेव्हा लोक तो जुना हक्क घेऊन सरकारशी भांडले.

आपल्याकडे हक्क रूढीत राहिला, कागदावर आला नाही. तो कागदावर यायला 2006 चा वनहक्क कायदा उजाडावा लागला. त्या कायद्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत मध, लाख, तेंदूपत्ता यांच्याबरोबर काटक्या-झुडपे आणि झाडांचे बुंधे यांचीही नावे आहेत. जंगलावर जगणाऱ्यांना ती गोळा करण्याचा हक्क कायद्याने मिळाला. जोडेघाटनंतर सहासष्ट वर्षांनी.

धुराची बाजू

हे सगळे वाचून कोणाला वाटेल की आम्ही चुलीचे गोडवे गात आहोत. तसे नाही. त्या चुलीपुढे ज्या बसल्या त्यांचे डोळे गेले, छाती भरली, खोकला जन्माचा जडला. चुलीवरच्या भाकरीची चव पुरुषांच्या लक्षात राहिली आणि धूर बायकांच्या. साध्या चुलीत लाकडातल्या उष्णतेचा दहावा भाग जेमतेम भांड्याला लागतो, बाकी वाया जातो. म्हणजे जेवढे रान जळले त्यातले बहुतेक धूर होऊन गेले.

यावर विचार करणारी माणसे आपल्या दोन्ही अंगाला होती. उत्तरेला वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कामातून धुराडे असलेली मगन चूल तयार झाली. दक्षिणेला हैदराबादच्या इंजिनिअरिंग संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी बिनधुराची चूल केली आणि 1953 मध्ये तिच्यावर पुस्तिका काढली. या दोन्ही गावांच्या मधोमध आपण. 1983 च्या सुमारास केंद्राचा सुधारित चुलींचा कार्यक्रम सुरू झाला आणि काही घरांत तशा चुली बसल्याही. पण भिंतीला भोक पाडून धुराडे काढणे, ते साफ करत राहणे सगळीकडे जमले नाही. रॉकेलचा स्टोव्ह आला, तो रेशनच्या रांगेत अडकला.

खरा बदल गॅसने केला. 1999 मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेश सरकारने दीपम योजनेतून डवाक्रा गटांच्या बायकांना गॅस जोडण्या दिल्या. 2016 मध्ये केंद्राची उज्ज्वला योजना आली. वनहक्क कायद्याने काटकीचा हक्क दिला आणि त्यानंतर दहाच वर्षांत काटकीची गरज कमी होऊ लागली. तरीही सिलिंडरची किंमत वाढली की गावाकडे पुन्हा पऱ्हाटीच्या गंजी रचल्या जातात. आंघोळीचे पाणी, जनावरांचे आंबोण आणि मोठी पंगत आजही पुष्कळ ठिकाणी चुलीवरच होते.

रानही बदलले. तरवड-बोराटीच्या जागी घाणेरी, वेडी बाभूळ, नाल्याकाठी बेशरम अशी परदेशातून आलेली झुडपे माजली. वेडी बाभूळ जळते चांगली, तेलुगूत तिला सरकारी तुम्मा म्हणतात. बाकीच्यांचा चुलीला फारसा उपयोग नाही. गायराने आखडली, बांध नांगरले गेले, बांधावरच्या बाभळी ट्रॅक्टरच्या आड आल्या.

भाषेत उरलेली चूल

चूल घरातून गेली तरी बोलण्यातून गेलेली नाही. भाऊ वेगळे झाले की आपण वेगळी चूल मांडली म्हणतो. सगळ्या घराला जेवायला बोलवायचे तर चूलबंद आमंत्रण देतो. निरपराध माणूस अडकला की ओल्याबरोबर सुके जळते म्हणतो, इथे तर सुक्याबरोबर ओलेही जळते असे म्हणणारेही भेटतात. पण या म्हणी वापरणाऱ्या आपल्या मुलांना ओले आणि सुके लाकूड आवाजावरून ओळखता येत नाही. धावडा कोणता आणि सालई कोणती हेही सांगता येत नाही. ते ज्ञान वाईट होते म्हणून गेले नाही, विचारणारे नव्हते म्हणून गेले.

मंडळापुढे आमची एक विनंती आहे. आपल्या घरांत ऐंशीच्या पुढच्या आज्या, मावश्या, आत्या अजून आहेत. त्यांच्याजवळ बसून कोणते लाकूड कशाला, काय जाळायचे नाही, मोळी कुठून यायची, आणणारीचे नाव काय होते, हे मुलांनी वहीत उतरवून घ्यावे. मराठी नावाशेजारी तेलुगू आणि गोंडी नावही लिहावे, कारण हे ज्ञान तिघांचे मिळून आहे. पुढच्या गणेशोत्सवात पत्रीची ओळख करून देताना त्या शेजारी सरपणाच्या झाडांचीही ओळख द्यावी. आणि उटनूर-नारनूरकडच्या ज्या बायकांनी आपल्या दारात मोळ्या उतरवल्या, त्यांच्यापैकी कोणी हयात असतील तर त्यांना महालक्ष्म्यांच्या जेवणाला चूलबंद आमंत्रण द्यावे.